बोट द्यायचं की तोंड दाखवायचं

भाचीच्या लग्नाची आदली संध्याकाळ. कराडला बहिणीच्या घरी माडीवर मेंदी चालली होती. भाची गादीवर बसलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले, बोटांची टोकंसुद्धा गडद मेंदीनं बुजवलेली, आणि मेंदी काढणारी मुलगी आता पावलांकडे वळलेली. खोलीत ओल्या मेंदीचा आणि निलगिरीचा वास, जिन्यावरून वर येणारा कांदाभज्यांचा. कोणीतरी कापसाच्या बोळ्यानं लिंबू-साखरेचं पाणी मेंदीवर टिपत होतं. भाचीच्या गुडघ्याशी ठेवलेला फोन सारखा थरथरत होता. तिची धाकटी चुलत बहीण "थांब, मी बघते" म्हणाली, तिनं फोन उचलला आणि सरळ भाचीच्या तोंडासमोर धरला. "ताई, इकडे बघ." ताईनं वर पाहिलं. कुलूप उघडलं. धाकटीनं वरचाच मेसेज मोठ्यानं वाचला. पार्लरवाल्या बाई विचारत होत्या, उद्या सकाळी किती वाजता येऊ? सगळ्याजणी हसल्या, भाचीही हसली, तिनं तोंडी उत्तर सांगितलं, धाकटीनं ते टाइप केलं आणि फोन पुन्हा गुडघ्याशी गेला.

एवढंच झालं. यात कोणाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण फोन समोर आला त्या क्षणी भाचीचा उजवा हात झटकन वर गेला होता आणि मेंदी फिसकटेल म्हणून तसाच हवेत थांबला होता. ते मला दिसलं आणि मग काही केल्या डोक्यातून जाईना. तिच्याकडे लपवण्यासारखं काही असेल असं मला वाटत नाही, आणि असलंच तर ते तिचं. मला खटकलं ते निराळंच. तिला कोणी विचारलं नाही, आणि विचारायची गरजच पडली नाही. तिचं तोंड तिथे होतं, तेवढ्यावर भागलं.

आता, मी काही खासगीपणाचे धडे गिरवत मोठी झालेली बाई नाही. आमच्या घरी आंतर्देशीय पत्र यायचं ते घराच्या नावानं यायचं. पत्ता आजोबांचा असो की काकूचा, पोस्टमनच्या हातून जो घेईल तो कडा फाडणार आणि ओसरीवर उभ्या उभ्या मोठ्यानं वाचणार. काकूच्या माहेरची पत्रं आम्ही मुलांनी वाचलेली आहेत, तिच्या आईचं दुखणंखुपणं आम्हाला तिच्या आधी कळलेलं आहे. काकू तेव्हा भाकरी थापत आतूनच ऐकायची, मधेच थापण्याचा आवाज थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. रात्री सगळं आवरल्यावर ती तेच पत्र चुलीच्या उजेडात एकटीनं पुन्हा वाचायची, हे मी पाहिलं आहे. त्यात काय उरलेलं असायचं वाचायचं, असा प्रश्न तेव्हा पडायचा. आता पडत नाही.

माझ्या स्वतःच्या फोनला बोट लागतं. कडेच्या बटणातच ते ओळखायचं यंत्र आहे. पर्समध्ये हात घातला की चाचपडतानाच अंगठा नेमक्या जागी जातो आणि फोन बाहेर येईस्तोवर उघडलेला असतो. न बघता, एका हातानं, पुण्यातल्या पीएमटी बसच्या दांड्याला लोंबकळतानासुद्धा. (पीएमपीएमएल म्हणायला हवं, पण माझ्या पिढीच्या जिभेला ते वळण नाही.) मुलगा म्हणतो, "आई, तोंडाचं लावून घे, बोटाची कटकटच नाही." कटकट आहे, नाही असं नाही. कणीक मळताना फोन वाजला तर तो वाजून थांबतो. भांडी घासून उठलं की बोटांच्या पेरांना सुरकुत्या पडलेल्या असतात आणि फोन मला परका समजतो. थंडीत बोटं कोरडी ठणठणीत झाली की तीच गत. मग मी अंगठा ओठांच्या ओलीवर टेकवते, गालावरून फिरवते, गाऊनला पुसते, आणि एकदाचा तो मला आत घेतो.

हे असं का होतं ते मी एकदा मुलाकडून समजून घेतलं होतं. बटणाच्या आत विजेचा भार धरणाऱ्या चिमुकल्या घरांची जाळी असते. बोटावरची रेघ त्या घराला टेकली तर भार वेगळा, दोन रेघांमधली चर वर आली तर वेगळा. त्या फरकांवरून रेघांचा नकाशा तयार होतो. त्यासाठी कातडी जिवंत आणि थोडी दमट लागते. काही फोनमध्ये यंत्र काचेखाली असतं. तिथे पडदाच बोटावर उजेड टाकतो आणि खालून फोटो निघतो, म्हणून अंधारात अंगठा लावला की तो हिरवट-पांढरा पेटल्यागत दिसतो. महागड्यांत उजेडाऐवजी माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि त्याचा पडसाद मोजतात. तिन्ही प्रकारांत फोन शोधतो ते एकच: आईच्या पोटात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास उमटायला लागलेल्या आणि सहाव्या महिन्याच्या आतबाहेर पक्क्या झालेल्या रेघा. जुळ्यांच्यासुद्धा त्या सारख्या नसतात, कारण दोघं पोटात एकाच जागी, एकाच तऱ्हेनं पहुडलेली नसतात. कातडी वरवर झिजली तरी आराम मिळाला की तीच नक्षी पुन्हा वर येते, मुळं खालच्या थरात असतात म्हणून.

आराम मिळाला की.

माझ्या आईच्या बोटांना तो कधी मिळाला नाही. साताऱ्याकडच्या आमच्या वावरात तिनं ज्वारी कापली, भुईमुगाच्या शेंगा तोडल्या, हळद शिजवल्यावर तिच्या मुळ्या काढल्या. ऐंशीच्या घरात आली तरी अंगणातली भांडी राखेनंच घासते, साबणानं तिचं समाधान होत नाही. शिवाय रोज सकाळी उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं मिश्री. त्या बोटाचं टोक काळपट, गुळगुळीत, आणि जवळ घेतलं की जळक्या तंबाखूचा वास येणारं. लहानपणी ताप आला की हेच बोट कपाळावर फिरायचं, त्यामुळे मला तो वास अजून औषधाचा वाटतो. हे हात घेऊन ती आधार कार्डाच्या वेळी गावच्या शाळेत गेली. "आजी, चारही बोटं एकदम दाबा," असं तो पोरगा सांगत होता. आई दाबत होती, काचेवर चार धूसर डाग उमटत होते. पोरानं तिच्या बोटांवर पाण्याचा हात फिरवला, रुमालानं पुसली, स्वतःच्या हातानं दाबून धरली. शेवटी काहीतरी उमटलं आणि त्यानं हुश्श केलं. आई बाहेर येऊन मला म्हणाली, "पोरगं चांगलं होतं. पर एवढं कशाला दाबायचं, मी काय पळून चाल्ले?"

देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच राज्यात दिलं गेलं. नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली, २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान आले होते, हेलिपॅड झालं होतं, आदिवासी गावातल्या मोजक्या माणसांच्या हातात ते बारा आकडे पडले होते. दहा बोटं, दोन डोळे, एक चेहरा, असं सगळं माणूस म्हणून नोंदवून घ्यायचं ठरलं होतं. पण पुढे रोजच्या व्यवहारात उतरलं ते बोटच. रेशन दुकानात ते हातात मावणारं मशीन आलं आणि नवीन भाषा आली. "थम द्या." "थम उठत नाही." "मावशी, दुसरं बोट बघा." "सर्व्हर डाऊन आहे, दुपारून या." मी गावी असले की आईबरोबर जाते, तेव्हा तिथला सोहळा बघण्यासारखा असतो. एक म्हातारी अंगठा केसांवरून फिरवते, डोक्याचं खोबरेल लागावं म्हणून. दुसरी पदराला पुसते. एक गवंडीकाम करणारे आहेत, त्यांची बोटं चुन्या-सिमेंटनं इतकी उललेली की ते रांगेत शिरतानाच म्हणतात, "माझा काय लागायचा नाय, मोबाइलवर नंबर मागव." दुकानदारही वैतागलेला असतो, तोही त्या मशीनच्या मर्जीवर. आता काही ठिकाणी डोळ्यांची सोय आली आहे, मोबाइलवर येणाऱ्या आकड्यांवरही काम होतं. तरी बोट न लागल्यानं धान्याविना परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचे हात कसे होते ते मला आठवतं. ज्याच्या हातानं जास्त काम केलं त्याला मशीन कमी ओळखतं, हा हिशोब काही मला अजून पटलेला नाही.

बोटाची ही हौस सरकारला आजची नाही, आणि तिचा उगम आपल्याच देशात आहे. १८५८ साली, बंडाचा धुरळा खाली बसत असताना, बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा तरुण गोरा अधिकारी होता. रस्त्याच्या कामाला लागणाऱ्या मालाचा ठेका त्यानं राज्यधर कोनाई नावाच्या माणसाला दिला. करारावर सही होती, पण हर्शेलला एतद्देशीयांच्या सह्यांचा भरवसा वाटत नव्हता. उद्या हा 'ही माझी सही नव्हेच' म्हणाला तर? म्हणून त्यानं सरकारी शिक्क्याची तेलकट शाई कोनाईच्या पंजाला फासली आणि अख्खा तळहात कागदाच्या पाठीवर उमटवून घेतला. त्या वेळी त्याला रेघांचं शास्त्र ठाऊक नव्हतं. माणूस दबावा, एवढाच हेतू. पुढे वर्षानुवर्षं तो ठसे जमवत राहिला, रेघा बदलत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं, आणि १८७७ मध्ये हुगळीला असताना त्यानं पेन्शनरांची बोटं घ्यायला सुरुवात केली. पेन्शनर मेला तरी दुसराच कोणी येऊन पैसे उचलायचा, त्याला आळा बसावा म्हणून. मग १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची स्वतंत्र कचेरी निघाली. पद्धतीला नाव मिळालं पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री यांचं. दहा बोटांच्या नक्षीवरून कागद १,०२४ कप्प्यांत लावायचा आणि हवा तो चटकन काढायचा, यामागचं गणित बसवण्यात मोठा वाटा होता अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा. नाव वरच्याचं आणि गणित खालच्यांचं, कचेऱ्यांमधलं हे जुनंच आहे. १९०१ मध्ये हीच पद्धत लंडनला स्कॉटलंड यार्डात गेली.

त्याआधी आपल्याकडे काय होतं? मोडीतली जुनी कागदपत्रं बघितलेल्यांना ठाऊक असेल, लिहिता न येणाऱ्या कुणब्याच्या नावापुढे नांगर काढलेला असतो. 'निशाणी नांगर.' मला ती पद्धत फार आवडते. तिथे माणसाची ओळख म्हणून त्याचं काम कागदावर यायचं. नांगर कोणीही काढू शकतो, त्यात पुरावा कसला, असं वकील म्हणतील. खरं आहे. पण सभेत चार माणसं बसलेली असायची, ती एकमेकांना ओळखायची, कागद त्यांच्या साक्षीवर उभा असायचा. अंगठा आला आणि त्या चार माणसांची गरज संपली. नांगर धरून झिजलेला अंगठा मशीनला चालत नाही, हे त्याच्यापुढचं.

तर असं हे संशयातून जन्माला आलेलं बोट. गुन्हेगार, पेन्शनर, ठेकेदार आणि निरक्षर यांच्याकडून घ्यायची वस्तू. आमच्या लहानपणी अंगठा उठवणं ही लाजेची गोष्ट होती. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात आजी सही शिकली तेव्हा तिनं महिनाभर दिसेल त्या कागदावर सही केली होती, वाण्याच्या पुडीवरसुद्धा. आणि २०१३ मध्ये ॲपलनं आयफोनच्या गोल बटणात बोट ओळखायची सोय आणली तेव्हा तोच अंगठा एकदम ऐटीचा झाला. लोक चारचौघांत मुद्दाम फोन उघडून दाखवायचे. त्याआधीही काही फोनांत ही सोय येऊन गेली होती, पण बोलबाला झाला तो याचा. तो फोन बाजारात आल्यावर काही दिवसांतच जर्मनीतल्या हॅकर मंडळींनी काचेवर राहिलेल्या ठशाचा फोटो काढून, त्यावरून बोटाचं पातळ सोंग बनवून कुलूप उघडून दाखवलं. तेव्हा बोट म्हणजे मोठं गुपित, असंही समजायचं कारण नाही. चहाच्या प्रत्येक कपावर आपण ते ठेवून येतो.

तोंडाची गोष्ट २०१७ ची. आयफोनच्या वरच्या खाचेतून ३०,००० हून अधिक अदृश्य ठिपके चेहऱ्यावर पडतात आणि नाकाची उंची, डोळ्यांची खोबण, गालाचा उतार यांचा खोलीसकट नकाशा बनतो. अंधारातही चालतं, चष्मा, दाढी, टिकली यांनी फरक पडत नाही. परक्या माणसाचं बोट चुकून चालून जायची शक्यता ५० हजारांत एक, आणि परक्या चेहऱ्याची १० लाखांत एक, असं कंपनी सांगते. जुळी भावंडं आणि तेरा वर्षांखालची मुलं यांच्याबाबत हा हिशोब बिघडतो, हेही तीच सांगते. मात्र आपल्याकडे बहुतेकांच्या हातात असलेल्या साध्या फोनमध्ये हे ठिपकेबिपके काही नसतात. पुढचा सेल्फीचा कॅमेरा असतो, तो सपाट फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून बघतो. म्हणून असा फोन तोंड बघून उघडतो खरा, पण बँकेचं ॲप त्या तोंडावर भरवसा ठेवत नाही, तिथे बोटच लागतं किंवा आकडे. माझ्या मुलाचा मित्र यावर फार चिडतो. "घरात घेतात आणि तिजोरीशी हाकलतात," म्हणतो. मला बँकेचं बरोबर वाटतं.

चांगल्या फोनमध्ये आणखी एक काळजी घेतलेली असते. डोळे उघडे पाहिजेत आणि नजर फोनकडे पाहिजे, नाहीतर कुलूप उघडत नाही. झोपलेल्या माणसाचा फोन कोणी त्याच्या तोंडासमोर धरून उघडू नये, म्हणून. हे मी वाचलं तेव्हा मला ती मेंदीची खोली आठवली. "ताई, इकडे बघ." आपल्याला कोणी हाक मारली की आपण बघतो. लहानपणापासून फोटोवाल्यांनी, पाहुण्यांनी, शाळेतल्या बाईंनी ही सवय लावलेली आहे, आणि मुलींना जरा जास्तच. भाचीनं बघितलं. तिची नजर फोनवर होती, डोळे उघडे होते, सगळ्या अटी पुऱ्या झाल्या. फोननं नजर तपासली. मर्जी तपासायचं यंत्र कोणाकडे आहे?

इथे मला बोटाची बाजू घ्यावीशी वाटते. हात पुढे करावा लागतो. नको असेल तर मूठ मिटता येते, हात पदराखाली घेता येतो. तोंड कुठे घेणार? ते आपण सकाळपासून रात्रीपर्यंत सगळ्या जगाला देऊनच बसलेले असतो, आणि गंमत म्हणजे आपल्याला स्वतःलाच ते आरशाशिवाय दिसत नाही.

पण बोटाचीही फार तरफदारी करायला नको. २०१७ च्या नोव्हेंबरात दोह्याहून बालीला निघालेल्या एका विमानात असं झालं की नवरा झोपला असताना बायकोनं त्याचंच बोट लावून त्याचा फोन उघडला. आत जे दिसलं त्यावरून आकाशात जो तमाशा झाला तो आवरेना, म्हणून विमान चेन्नईला उतरवावं लागलं. बातमी वाचून आम्ही ऑफिसात पोट धरून हसलो होतो. एक मैत्रीण मात्र हसली नव्हती, ती म्हणाली होती, "तिला खात्री करून घ्यायला झोपेची वाट बघावी लागली, हे बघ ना." झोपलेल्याची मूठ उघडता येते. जागेपणी जबरदस्तीनं कोणी बोट धरलं तरी कुलपाला काय कळणार. आणि कायद्याच्या दारात गेलं तर तिथेही शरीराला तोंड उघडल्याचा मान नाही. १९६१ साली मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठानं सांगून ठेवलंय की आरोपीकडून अंगठ्याचा ठसा घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे. डोक्यातलं माहीत असलेलं सांगणं वेगळं आणि अंगावर आहे ते दाखवणं वेगळं, असा तो विचार. तेव्हा फोन नव्हते. भिंतीवरचे ठसे आणि चिठ्ठीतलं अक्षर एवढाच प्रश्न होता. एका अंगठ्यामागे माणसाची सगळी पत्रं, पैसे, फोटो आणि भांडणं बसलेली असतील, असं कोणाच्या मनात आलं असतं?

मधे ते मास्कचे दिवस येऊन गेले. तेव्हा बोट आणि तोंड दोघांचीही पत गेली होती. ऑफिसातलं हजेरीचं यंत्र मार्च २०२० मध्येच बंद झालं, एकाच काचेवर सगळ्यांनी बोट ठेवायचं म्हणजे शहारा यायचा. आणि ज्यांचे फोन तोंडावर चालत ते भाजीवाल्यासमोर मास्क नाकाखाली ओढून पैसे द्यायचे, तेवढ्यापुरता कोरोना थांबणार असल्यागत. मास्कसकट चेहरा ओळखायची सोय आयफोनमध्ये आली तोवर २०२२ चा मार्च उजाडला होता आणि इथे मास्क सुटत चालले होते. त्या काळात मला माझ्या बोटाच्या फोनचा फार अभिमान होता. सॅनिटायझरनं बोटांची सालं निघायला लागली तसा तोही उतरला.

एरवी माझं मत बोटाकडेच झुकून राहिलं असतं. पण नोव्हेंबर येतो आणि माझे मामा मला गोंधळात टाकतात. मामा एसटीतून निवृत्त झालेले, डेपोत मेकॅनिक होते. ग्रीस, डिझेल आणि पान्यांनी हाताची जी काही नक्षी होती ती कधीच खरवडून नेली. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा. पूर्वी बँकेत रांग, मग अंगठ्याचं मशीन आलं, आणि मामांची पंचाईत झाली. ते सदेह समोर उभे, बँकेतला मुलगा त्यांना नावानं ओळखतो, चहा विचारतो, आणि मशीन म्हणतं, जुळत नाही. मामांना त्याचा फार राग यायचा. "मी मेलोय असं म्हणतंय का रे हे?" २०२१ पासून तोंड दाखवून दाखला देता येऊ लागला आणि आता त्यांची नात घरीच हे करते. मामांना खिडकीपाशी उजेडात बसवते. मामा अंगात शर्ट घालून, केस विंचरून, टोपी नीट करून बसतात. खरं तर टोपी काढायला सांगितलं तर रुसतात. मग नात म्हणते, "आबा, पापण्या मिटा. उघडा. आता मिटा." समोर फोटो नाही, जिवंत माणूस आहे, याची खूण म्हणून पापणी लवायला हवी. मामा इतक्या जोरात डोळे मिटतात की सगळा चेहरा गोळा होतो, आणि पोरं हसत सुटतात. झाला दाखला. आणखी एक वर्ष सरकारदरबारी जिवंत.

हुगळीच्या पेन्शनरांची बोटं घेणाऱ्या हर्शेलला हे दाखवायला हवं होतं. त्याला हवं होतं तेच, मेल्याच्या नावावर दुसऱ्यानं पैसे उचलू नयेत. फक्त बोट झिजतं याचा त्याला विचार करावा लागला नसेल. पेन्शन घेणारे बहुधा लेखणीचे लोक असणार.

मामांना तोंड सोयीचं आहे, यात वादच नाही. त्यांच्या रांगेतल्या सगळ्यांनाच, आणि रेशनच्या रांगेतल्या त्या गवंड्यांनाही. तोंडावर सुरकुत्या पडल्या तरी हाडं जागच्या जागी राहतात, यंत्र थोडं सांभाळून घेतं. बोटाची बाजू घेणारी मी, माझी बोटं कीबोर्डवर झिजली असतील तेवढीच. मूठ मिटायचं स्वातंत्र्य हे ज्याची मूठ मशीनला वाचता येते त्याच्यासाठी आहे. त्यामुळे मुलानं पुन्हा विचारलं की काय लावू, तर मी काही एका शब्दात सांगू शकत नाही. सून लागलीच म्हणते, "दोन्ही लावा ना आई, कशाला एवढा विचार." तिच्या फोनमध्ये दोन्ही आहेत. शिवाय माझ्या नातवाचं बोटही तिनं नोंदवून ठेवलंय, कार्टून लावायला. तो चार वर्षांचा आहे आणि स्वतःच्या बोटानं आईचा फोन उघडतो, ही त्याची सध्याची सर्वांत मोठी मालमत्ता.

गंमत अशी की या दोघांच्याही मागे खरा धनी तिसराच आहे. फोन बंद करून पुन्हा चालू करा. बोट लावा, तोंड दाखवा, तो ऐकत नाही. आकडे मागतो. बोट चार-पाच वेळा चुकलं, तरी आकडेच. बरेच दिवस आकडे टाकले नाहीत तरी मधेच एकदा विचारून घेतो. म्हणजे बोट आणि तोंड हे नुसते दारावरचे गडी, किल्ली आकड्यांचीच. आणि आकड्यांचं म्हणाल तर आमच्या घरात कोणाचे काय आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. नवऱ्याचे लग्नाच्या तारखेचे आहेत, त्यांना ती तारीख लक्षात राहण्याचं तेवढंच कारण.

गेल्या उन्हाळ्यात आईला स्मार्टफोन घेऊन दिला, पणतवंडांना बघता यावं म्हणून. बोट लावून पाहिलं, फोननं तिला ओळखलं नाही, तिलाही त्याचं नवल वाटलं नाही. तोंडाचं लावलं, तर ती फोन नेहमी पोटाशी धरून खाली मान घालून बघते, त्याला हनुवटी दिसते. डोक्यावरचा पदर पुढे आला की तेही नाही. शेवटी चार आकडे ठरवले आणि पाठ करून घेतले. पुढच्या खेपेला गेले तर स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, एकादशीच्या चौकोनात, निळ्या पेननं ते चार आकडे मोठ्ठे लिहून ठेवलेले.

"अगं आई, हे काय? येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतंय ना!"

"दिसू दे की. त्यांना वाटतं दुधाचा हिशोब हाय."

"आणि महिना संपल्यावर? पान उलटल्यावर?"

"फुडच्या पानावर बी लिवलंय. दिवाळीपतुर लिवून ठिवलंय समदं."